प्रेम, अब्रू आणि बायका: एलिझाबेथकालीन विनोदी नाटकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाला कॉलेजात शेक्सपिअर नेमलेला असतो, कुणी स्पर्धेसाठी एखादा प्रवेश बसवायला घेतलेला असतो, तर कुणाला नाटक बघून आल्यावर शंका सुचतात. पण प्रश्न फिरून फिरून तेच येतात. बहुतेकांच्या मुळाशी एकच कुतूहल असतं: ही नाटकं इतक्या हुशार बायका रंगवतात आणि शेवटी सगळ्यांना बोहल्यावर चढवून मोकळी होतात, मग ती बायकांच्या बाजूची की विरुद्ध? सरळ उत्तर मिळणार नाही. मात्र प्रेमाच्या गोष्टीखाली अब्रूचा आणि पैशाचा हिशेब कसा चालतो हे एकदा दिसलं, की नाटकं वेगळीच वाचली जातात.

एलिझाबेथकालीन म्हणजे नेमका कोणता काळ?

पहिली एलिझाबेथ १५५८ ते १६०३ इंग्लंडच्या गादीवर होती. आपल्या विषयाची नाटकं मात्र शेवटच्या वीस-बावीस वर्षांतली. १५७६ मध्ये जेम्स बर्बेजने लंडनच्या वेशीबाहेर शोरडिचला 'द थिएटर' नावाचं नाट्यगृह बांधलं. पुढे त्याच्याच तुळया-वासे उचलून नेऊन १५९९ मध्ये थेम्सच्या पलीकडे 'ग्लोब' उभं राहिलं. जॉन लिली, रॉबर्ट ग्रीन, शेक्सपिअर, थॉमस डेकर, तरुण बेन जॉन्सन ही मंडळी याच काळातली. 'मेझर फॉर मेझर'सारखी कडवट नाटकं राणीच्या मृत्यूनंतरची म्हणून इथे घेतलेली नाहीत.

बायकांना रंगभूमीवर कायद्याने बंदी होती का?

तसा कायदा नव्हता, रूढी होती. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर बायका उतरल्या त्या १६६० नंतर. इटलीत त्या आधीपासून काम करत होत्या. थॉमस कोरयट नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६०८ मध्ये व्हेनिसला नटी पाहिल्या आणि त्या पुरुष नटांइतकंच सफाईने काम करतात म्हणून त्याला नवल वाटलं.

नाट्यगृहात बायका नव्हत्या असं मात्र नाही. दारावर पैसे गोळा करायला बायका असत, प्रेक्षकांतही त्या भरपूर होत्या. एक पेनी टाकली की पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या मोकळ्या जागेत, उभं राहून नाटक बघता येई. त्यामुळे नाटककाराला बायकांच्या हशाचा विचार करावाच लागे. 'अ‍ॅज यू लाइक इट'च्या अखेरीस रोझलिंड प्रेक्षकांचा निरोप घेते, तेव्हा ती आधी बायकांना उद्देशून बोलते, पुरुषांचा नंबर नंतर लागतो.

मग स्त्री-भूमिका करायचं कोण?

पोरं. साधारण बारा-तेरा वर्षांपासून विशीच्या आसपासपर्यंतची. मोठ्या कंपन्यांमध्ये हे मुलगे एखाद्या ज्येष्ठ नटाकडे उमेदवारी करायला ठेवलेले असत. शिवाय सेंट पॉल्सची आणि राजवाड्याच्या चॅपलची अशा निव्वळ मुलांच्या मंडळ्या होत्या, त्यांत म्हाताऱ्यापासून राणीपर्यंत सगळी कामं मुलंच करत.

मराठी प्रेक्षकाला यात अवघडल्यासारखं वाटायचं कारण नाही. बालगंधर्वांची रुक्मिणी आणि सिंधू पाहायला गर्दी करणारा आणि त्यांच्या साड्या-दागिन्यांची फॅशन उचलणारा समाज आपलाच. फरक इतकाच, की बालगंधर्व पोक्त वयापर्यंत स्त्री-भूमिका करत राहिले. लंडनच्या पोरांचा आवाज फुटला की त्यांची सद्दी संपत आलेली असे. रोझलिंड ही शेक्सपिअरच्या स्त्री-पात्रांतली सगळ्यात लांब भूमिका. ती कुणा मिसरूडही न फुटलेल्या पोराने पाठ करून पेलली असणार, हे लक्षात घेतलं की उमेदवारी किती कडक होती याची कल्पना येते.

मुलगा मुलीचं काम करतो, ती मुलगी मुलाचा वेष घेते. प्रेक्षकांचा गोंधळ होत नसे?

गोंधळ व्हावा हीच तर गंमत होती. रोझलिंड गॅनिमिड नावाचा मुलगा बनून आर्डेनच्या रानात जाते. तिथे तिच्यावर प्रेम करणारा ऑर्लँडो भेटतो. ती त्याला म्हणते, मलाच रोझलिंड समज आणि माझ्याशी प्रेमाचा सराव कर. म्हणजे मुलगा मुलगी झालाय, ती मुलगा झालीय, आणि तो मुलगा पुन्हा मुलगी असल्याचं नाटक करतोय. या आडोशाने रोझलिंडला असं बोलता येतं, जे परकर-पोलक्यात उभं राहून तिला कुणी बोलू दिलं नसतं. तुझ्याशिवाय मरेन, असं ऑर्लँडो म्हणतो तेव्हा ती त्याला सुनावते: माणसं मरत आलीत आणि किड्यांनी त्यांना खाल्लंय, पण प्रेमापायी कुणी मेलेलं नाही.

याहून धीट प्रयोग लिलीने आधीच केला होता. त्याचं 'गॅलेथिआ' सेंट पॉल्सच्या मुलांनी ग्रिनिचला नववर्षदिनाच्या रात्री खुद्द राणीसमोर केलं. गावात समुद्रदेव नेपच्यूनला सगळ्यात देखण्या कुमारिकेचा बळी द्यायची प्रथा असते. दोन बाप आपापल्या मुलीला वाचवायला मुलाचा वेष देऊन रानात पाठवतात. दोघी एकमेकींना भेटतात, समोरचा मुलगा आहे असं समजून प्रेमात पडतात, आणि हळूहळू दोघींनाही संशय येतो की समोरचा मुलगा बहुधा मुलगी आहे. प्रेम काही ओसरत नाही. शेवटी प्रेमदेवता व्हीनस म्हणते, दोघींपैकी एकीला मी पुरुष करते. कुणाला, ते आधी सांगत नाही आणि नाटकही दाखवत नाही. दोघी खुशीने कबूल होतात. चारशे वर्षांपूर्वीच्या दरबारात हे चाललं, आणि आपण मात्र 'त्या काळी लोक सनातनी होते' असं बिनधास्त म्हणत असतो.

'ट्वेल्फ्थ नाइट'मधली व्हायोला वेगळी. रोझलिंड पुरुषी वेषात मजा लुटते, व्हायोला अडकते. ज्या ड्यूक ओर्सिनोवर तिचं मन बसलंय, त्याच्याच वतीने तिला ओलिव्हियाकडे प्रेमाचे निरोप न्यावे लागतात आणि ओलिव्हिया निरोप्याच्याच प्रेमात पडते. तिच्या बायकी कपड्यांची शेवटपर्यंत सोय लागत नाही. ते एका कप्तानाकडे ठेवलेले असतात, आणि त्या कप्तानाला ओलिव्हियाचा कारभारी माल्व्होलिओ याने फिर्याद करून तुरुंगात टाकलेलं असतं. त्यामुळे शेवटच्या प्रवेशात ओर्सिनो जिला लग्नाचं विचारतो ती विजार घालूनच उभी असते.

पुरुषाची अब्रू आणि बाईची अब्रू यांत फरक काय?

पुरुषाची अब्रू त्याच्या शब्दावर आणि तलवारीवर. गेली तर द्वंद्व करून परत मिळवता येते. बाईची अब्रू तिच्या शरीराशी बांधलेली आणि लोकांच्या तोंडी सोपवलेली. ती जायला तिने काही करावं लागत नाही, कुणीतरी बोलावं लागतं. शिवाय ती गेली की तिच्याबरोबर बापाची किंवा नवऱ्याचीही जाते, म्हणून तिची राखण सगळे करतात आणि तिचा विश्वास कुणी धरत नाही.

हे सगळ्यात उघडं दिसतं 'मच अ‍ॅडो अबाउट नथिंग'मध्ये. नाटक १५९८-९९ च्या सुमाराचं, छापून आलं १६०० मध्ये. मेसिना शहर. गव्हर्नर लिओनाटोची मुलगी हीरो हिचं तरुण सरदार क्लॉडिओशी लग्न ठरतं. डॉन जॉन हा खलनायक क्लॉडिओचे कान भरतो: लग्नाच्या आदल्या रात्री तिच्या खिडकीशी ये, काय ते दिसेल. इथे क्लॉडिओचं एक वाक्य नीट ऐकायला हवं. तो खिडकीशी जायच्या आधीच, काही बघायच्या आधीच बोलून जातो, की तसं काही दिसलं तर उद्या जिथे मी तिच्याशी लग्न करणार होतो तिथेच, सगळ्यांदेखत तिची शोभा करीन. लग्न मोडणं वेगळं, ते घरात बोलावूनही मोडता येतं. याला तमाशा करायचाय, कारण याची अब्रू भरली जायची तर तिची चव्हाट्यावर यायला हवी.

खिडकीत असते हीरोची दासी मार्गारेट, तिच्यासोबत डॉन जॉनचा माणूस बोराकिओ. अंधार आणि अंतर बाकीचं काम करतात. दुसऱ्या दिवशी ऐन विधीच्या वेळी क्लॉडिओ हीरोला बापाकडे ढकलतो: हे सडकं संत्रं मित्राला देऊ नका. हीरो मूर्च्छित पडते. आणि बाप? लिओनाटो म्हणतो, डोळे उघडू नकोस, मरून जा. ज्या माणसाने तिला जन्मापासून पाहिलं, तो दोन सरदारांच्या शब्दावर क्षणात तिला मेलेली बरी ठरवतो. सरदार खोटं कशाला बोलतील, हे त्याचं तर्कशास्त्र. तिची बाजू तीनच माणसं घेतात. बिअ‍ॅट्रिस ही चुलतबहीण. पाद्री फ्रान्सिस, जो तिचा चेहरा बघून म्हणतो ही निर्दोष आहे. आणि क्लॉडिओचा मित्र बेनेडिक, ज्याला निदान शंका येते.

यातली बोचरी गोष्ट अशी, की गुन्हा आदल्या रात्रीच उघड झालेला असतो. गस्तवाल्यांनी बोराकिओला बढाया मारताना पकडलेलं असतं. त्यांचा मुकादम डॉगबेरी सकाळी लिओनाटोकडे वर्दी द्यायला येतो, पण त्याचं शब्दांचं धेडगुजरी इतकं लांबतं की लग्नाच्या गडबडीतला लिओनाटो त्याला वाटेला लावतो. थोरामोठ्यांना जे दिसलं नाही ते गावच्या अडाणी गस्तीला सापडलं, आणि ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. इथे हसू येतं आणि घशात अडकतं.

बिअ‍ॅट्रिस क्लॉडिओला ठार मारायला सांगते, ते विनोदी नाटकात कसं बसतं?

बसत नाही, आणि म्हणूनच तो प्रवेश इतका जबरदस्त आहे. चर्चमध्ये दोघंच उरतात. बेनेडिक आणि बिअ‍ॅट्रिस, ज्यांनी सबंध नाटकभर एकमेकांना टोमणे मारले, ते प्रेमाची कबुली देतात. बेनेडिक म्हणतो, सांग, तुझ्यासाठी काय करू? ती दोन शब्दांत सांगते. क्लॉडिओला मार.

तो आधी नाही म्हणतो. मग ती म्हणते, मी पुरुष असते तर भर बाजारात त्याचं काळीज खाल्लं असतं. तिच्याकडे बुद्धी आहे, जीभ आहे, खरं काय ते ठाऊक आहे. नाही ती तलवार, कारण अब्रूसाठी लढायचा अधिकार तिच्या जातीला नाही. म्हणून तिला तो पुरुषाकडून उसना घ्यावा लागतो. बेनेडिक अखेर मित्राला आव्हान देतो आणि प्रेक्षकाला कळतं, की नाटकातलं खरं प्रेम हेच. क्लॉडिओने डोळ्यांवर विश्वास ठेवला, बेनेडिकने बिअ‍ॅट्रिसवर. बसवताना हा प्रवेश हशासाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. 'क्लॉडिओला मार' या शब्दांवर हशा आला तर आधीच्या प्रवेशात काहीतरी चुकलंय.

पण क्लॉडिओला इतक्या सहज माफी?

हो, आणि ती पटत नाही. हीरो मेली असं त्याला सांगितलेलं असतं. तो तिच्या थडग्यावर शोकगीत लावतो आणि दुसऱ्या सकाळी तिच्या न पाहिलेल्या चुलतबहिणीशी लग्नाला उभा राहतो. बुरखा निघतो, आत हीरो. गंगेत घोडं न्हालं. पण ती जे बोलते त्यात त्याच्याबद्दलचं प्रेम शोधावं लागतं: एक हीरो बदनाम होऊन मेली, मी जिवंत आहे आणि निष्कलंक आहे. तिचा भर अब्रूवर आहे. बेत फसला असता तर पाद्र्याने दुसरी तजवीजही सांगून ठेवली होती: हिला कायमचं मठात पाठवा.

नाटकात पुरुषांच्या मानापमानाची टर उडवली जाते का?

मनसोक्त. 'अ‍ॅज यू लाइक इट'मधला विदूषक टचस्टोन एका सरदाराची गोष्ट सांगतो. तो सरदार आपल्या इभ्रतीची शपथ घेऊन म्हणाला, की धिरडी उत्तम होती आणि मोहरीची चटणी टाकाऊ. प्रत्यक्षात उलटं होतं. तरी तो खोटं बोलला नाही, कारण जी गोष्ट आपल्याकडे नाहीच तिची शपथ मोडत नाही.

पुढे हाच टचस्टोन भांडणाच्या सात पायऱ्या मोजतो. सभ्य प्रत्युत्तरापासून सुरू करून थेट 'तू खोटारडा' इथवर. दरम्यान एक 'जर' घातला की दोघंही तलवारी म्यान करून घरी जाऊ शकतात. त्या काळी लंडनमध्ये इटालियन उस्तादांचे तलवारबाजीचे वर्ग होते आणि व्हिन्सेंतिओ साव्हिओलोचं द्वंद्वाच्या रीतिभातींवरचं पुस्तक १५९५ मध्ये इंग्रजीत निघालं होतं. टोला तिथेच मारलेला आहे. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये तर सर अँड्र्यू हा भित्रा सरदार आणि विजारीतली व्हायोला यांना समोरासमोर उभं करतात. दोघांचेही पाय लटपटतात. पुरुषाचा आव आणणारी मुलगी आणि पुरुषाचाच आव आणणारा पुरुष यांत प्रेक्षकाला काही फरक दिसू नये, अशीच मांडणी आहे.

नवऱ्यांना शिंगं फुटण्याचे विनोद इतके का?

ज्याची बायको दुसऱ्याकडे जाते त्याच्या कपाळी शिंगं उगवतात, अशी तिकडची समजूत-कम-थट्टा. ती इतकी वापरली गेलीय की आज कंटाळा येतो. पण तिच्यामागची भीती खरी होती. बायकोच्या वागण्याने नवरा हसं होतो. घरात बायकोचं चालतं असा बोभाटा झाला, तर शेजारीपाजारी भांडी बडवत त्या घरावरून वरात काढत. बायकाही गप्प बसत नसत. शेजाऱ्याने छिनाल म्हटलं म्हणून चर्चच्या कोर्टात बदनामीचे दावे लावणाऱ्या लंडनच्या कितीतरी बायका त्या कोर्टांच्या दफ्तरात आहेत. अब्रू ही चीज त्यांच्या रोजच्या जगण्यातली होती, काव्यातली नव्हे.

या भीतीवरचं सगळ्यात रसरशीत नाटक म्हणजे 'द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर', आणि ते म्हणावं तितकं वाचलं जात नाही. शेक्सपिअरचं संपूर्ण इंग्लंडमध्ये घडणारं हे एकमेव विनोदी नाटक. राजपुत्र नाहीत, विंडसरची मध्यमवर्गीय घरं. लठ्ठ, कफल्लक फॉल्स्टाफ दोन विवाहित बायकांना प्रेमपत्रं पाठवतो, डोळा त्यांच्या नवऱ्यांच्या तिजोरीवर. मिसेस पेज आणि मिसेस फोर्ड मैत्रिणी. पत्रं शेजारी शेजारी ठेवून बघतात, तर मजकूर सारखाच, नाव तेवढं वेगळं. मिसेस पेज म्हणते, याच्याकडे अशी हजारभर तयार असतील, नावापुरती जागा मोकळी सोडलेली.

मग त्या उट्टं काढतात. भेटीला बोलावतात, नवरा आला अशी हूल उठवतात, आणि फॉल्स्टाफला मळक्या, घामट कपड्यांच्या टोपलीत कोंबून नोकरांकरवी थेम्सकाठच्या चिखलात ओततात. दुसऱ्या खेपेला त्याला ब्रेंटफर्डच्या जाड्या म्हातारीचं लुगडं-झंपर चढवतात. संशयी फोर्ड तिला चेटकीण समजून बडव बडव बडवतो. म्हणजे बायकोवर पाळत ठेवणारा नवरा बायकोचा कथित यार हाताशी आला तरी ओळखत नाही. बायका कुणाची परवानगी घेत नाहीत, पुरुषाचा वेषही घेत नाहीत. आपलंच घर, आपलीच परटाची टोपली, आपलेच नोकर वापरून दोन धडे देतात: एक लंपटाला, एक संशयखोराला. मिसेस पेज निक्षून सांगते, की बायका हसऱ्या-खेळकर असूनही सचोटीच्या असू शकतात. तिसऱ्या वेळी मात्र नवऱ्यांना बेतात घेतलं जातं, आणि तेही बायका घेतात म्हणून.

प्रेमात पैसा कुठून आला?

तो आधीपासूनच तिथे होता. क्लॉडिओ हीरोबद्दल मन मोकळं करू लागतो तेव्हा विचारतो, लिओनाटोला मुलगा आहे का? उत्तर मिळतं: हीच एकटी वारस. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये बसानिओ पोर्शियाचं वर्णन सुरू करतो ते ती श्रीमंत वारसदार आहे इथून, रूप आणि गुण त्यानंतर. 'टेमिंग ऑफ द श्रू'चा पेट्रुकिओ तर पाडुआला पैसेवाली बायको मिळवायला आलोय असं उघडच सांगतो.

इंग्लंडच्या रूढ कायद्यानुसार लग्नानंतर बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई आणि तिच्या जमिनीचा कारभारही त्याच्याकडे जाई. हे ध्यानात ठेवून पोर्शियाचं भाषण वाचा. तीन पेट्यांतली बरोबर पेटी निवडून बसानिओने तिला जिंकल्यावर ती म्हणते: आत्तापर्यंत या वाड्याची, नोकरांची, स्वतःची मालकीण मीच होते. आता हे सगळं तुमचं. भाषण गोड आहे आणि त्याच वेळी खरेदीखतासारखं काटेकोर आहे. पण शेवटी ती एक अट घालते. ही अंगठी. ती दिलीत, हरवलीत, तर तुमचं प्रेम संपलं असं मी समजेन आणि मला बोलायला जागा राहील.

पुढे ती वकिलाच्या वेषात शायलॉक या सावकाराविरुद्धचा खटला जिंकते आणि फी म्हणून नवऱ्याकडे तीच अंगठी मागते. मित्राच्या आग्रहाने तो देतो. घरी आल्यावर ती शांतपणे सांगते: ज्या वकिलाकडे अंगठी आहे त्याच्यापाशी मी झोपले, तेव्हा मिळाली. बसानिओला घाम फुटतो. सगळं नवऱ्याच्या नावावर केलेल्या बाईने एका अंगठीच्या जोरावर शब्द पाळण्याची जबाबदारी नवऱ्यावर टाकली.

खऱ्या आयुष्यात लग्नं कशी होत? नाटकातल्यासारखी पळून?

क्वचित. चर्चच्या नियमाने मुलगी बारा आणि मुलगा चौदा वर्षांचा झाला की लग्न वैध. प्रत्यक्षात सामान्य घरांत मुली पंचविशी उलटल्यावर आणि मुलगे त्याहून थोडे मोठे झाल्यावर लग्न करत, कारण आधी चार पैसे गाठीला बांधायचे असत. बालविवाह उमरावांकडे, इस्टेटी जुळवायला. खुद्द शेक्सपिअरचं लग्न नोव्हेंबर १५८२ मध्ये झालं तेव्हा तो अठराचा आणि अ‍ॅन हॅथवे सव्वीसची होती. मुलीचा बाप्तिस्मा मे १५८३ मधला. बोटं मोजली की घाई का झाली ते कळतं.

'टेमिंग ऑफ द श्रू' स्त्रीद्वेष्टं आहे का?

पेट्रुकिओ नव्या बायकोला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, सूर्याला चंद्र म्हणायला लावतो, आणि ही माझी मालमत्ता, माझं घर, माझा घोडा, माझा बैल असं चारचौघांत बोलतो. शेवटी कॅथरिन ४४ ओळींचं भाषण करते, नवऱ्याच्या पायाखाली हात ठेवायची तयारी दाखवते. नाटकातलं हे सगळ्यात लांब भाषण. त्यात उपरोध आहे, दोघांचं संगनमत आहे, असं म्हणून सोडवणूक करता येते आणि उत्तम नटी ते पटवूही शकते. पण ओळी नुसत्या वाचल्या तर त्या सरळच आहेत. नाटकाभोवती एक चौकट आहे, ती विसरू नये: झिंगलेल्या ख्रिस्तोफर स्लाय नावाच्या माणसाला तू उमराव आहेस असं पटवून हा सारा खेळ दाखवलाय, आणि शेजारी त्याची 'बायको' म्हणून एक हुजऱ्या पोरगा लुगडं नेसून बसलाय. म्हणजे आज्ञाधारक पत्नीचं पहिलं दर्शन घडतं ते सोंगाचं.

त्या काळच्या लोकांनाही हे टोचलं होतंच. साधारण १६११ मध्ये जॉन फ्लेचरने याचा पुढचा भाग लिहिला. कॅथरिन वारलीय, पेट्रुकिओची दुसरी बायको मारिया त्याला लग्नाच्या रात्रीच दाराबाहेर ठेवते आणि बायकांची फौज जमवून वठणीवर आणते. नोव्हेंबर १६३३ मध्ये पहिल्या चार्ल्सच्या दरबारात दोन्ही नाटकं दोन दिवसांच्या अंतराने झाली. दरबारी नोंद सांगते, की शेक्सपिअरचं आवडलं, फ्लेचरचं खूपच आवडलं.

आपल्याकडे वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'श्रू'चंच 'त्राटिका' केलं आणि शाहूनगरवासी मंडळीने ते गाजवलं. तिथेही नायिका पुरुषच रंगवत असे.

या नाटकांत आया कुठे गायब असतात?

चांगला प्रश्न, फार कमी लोक विचारतात. रोझलिंड, सिलिया, पोर्शिया, जेसिका, व्हायोला, ओलिव्हिया, कॅथरिन: एकीचीही आई रंगमंचावर नाही. मंडळीत चांगले पोरगे मोजकेच, हे एक व्यवहारी कारण. दुसरं म्हणजे आई असली तर मुलगी एकटी निर्णय घेईना. 'मच अ‍ॅडो'च्या १६०० च्या छापील प्रतीत पहिल्याच सूचनेत लिओनाटोबरोबर 'त्याची पत्नी इनोजेन' प्रवेश करते, दुसऱ्या अंकातही येते, आणि अख्ख्या नाटकात अक्षर बोलत नाही. पुढचे संपादक तिला गाळून टाकतात. लेकीची अब्रू लुटली जात असताना आईने मूग गिळून बसणं शेक्सपिअरला लिहिता आलं नसावं, असा माझा अंदाज.

सगळी नाटकं उमरावांचीच का? कामकरी बायका?

डेकरचं १५९९ चं 'द शूमेकर्स हॉलिडे' वाचा. चांभाराचा कारागीर राल्फ याला सक्तीने फ्रान्सच्या लढाईवर नेतात. जाताना तो बायकोला, जेनला, स्वतः शिवलेला बुटांचा जोड देतो. ती मग दुकानात शिवणकाम करून पोट भरते. हॅमन नावाचा श्रीमंत गृहस्थ तिच्यामागे लागतो आणि राल्फ मेल्याची खबर देऊन होकार मिळवतो. राल्फ जिवंत परततो, पण लंगडा होऊन. लग्नासाठी मापाचे बूट हवेत म्हणून दुकानात जुना जोड नमुन्याला येतो आणि राल्फ आपली शिलाई ओळखतो. हॅमन शेवटी त्याला बायकोच्या बदल्यात रोख वीस पौंड देऊ करतो. राल्फ नाकारतो, चांभार सोटे घेऊन पाठीशी उभे. तलवार नाही, खानदान नाही, तरी मान राखला जातो. मालकीणबाई मार्जरीचाही मासला बघावा: नवरा शेरिफ होतोय म्हटल्यावर तिला लगोलग फ्रेंच टोपी हवी असते.

राणी स्वतः अविवाहित बाई. तिचा काही परिणाम?

दरबारी नाटकांवर भरपूर. लिलीचं 'एंडिमिअन' तर चंद्रदेवी सिंथियाच्या रूपात तिचीच आरती. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये मदनाचा बाण एका कुमारी सम्राज्ञीला न लागता फुलावर पडतो, ती कोण हे सांगायला नको. पण एका बाईच्या हाती राज्य होतं म्हणून इतर बायकांचे हक्क वाढले, असं झालं नाही.

सगळ्यांचा शेवट लग्नातच होतो का?

'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'चा होत नाही. नव्हारचा राजा आणि त्याचे तीन सरदार शपथ घेतात: तीन वर्षं अभ्यास, बाईचं तोंड बघायचं नाही. फ्रान्सची राजकन्या तीन सख्यांसह येते आणि चौघंही शपथ मोडतात. लग्नं जुळणार तोच राजकन्येचे वडील वारल्याची बातमी येते. बायका म्हणतात, आत्ता नाही. तुम्ही शब्द मोडणारे, तुमची नवी शपथ कशी मानायची? एक वर्ष थांबा. सगळ्यात वाचाळ बेरोनला तर वर्षभर इस्पितळात जाऊन रोग्यांना हसवायची अट घातली जाते. पुरुषाची अब्रू त्याच्या शब्दात म्हणतात ना, मग इथे त्या शब्दाची उलटतपासणी बायका घेतात.

सुरुवात कुठून करू?

'मच अ‍ॅडो'पासून. बरंचसं गद्यात आहे, त्यामुळे इंग्रजीची धास्ती कमी वाटते. त्यानंतर 'मेरी वाइव्ह्ज', ते तर जवळजवळ सगळंच गद्य. मग 'ट्वेल्फ्थ नाइट'. याचा एक प्रयोग २ फेब्रुवारी १६०२ ला लंडनच्या मिडल टेंपलमध्ये झाला. तो पाहिलेल्या जॉन मॅनिंगहॅम या कायद्याच्या विद्यार्थ्याने डायरीत कौतुक केलंय ते माल्व्होलिओला खोट्या पत्राने फसवण्याच्या प्रसंगाचं. ते पत्र लिहिणारी मारिया ही ओलिव्हियाच्या घरात चाकरीला असलेली बाई, आणि त्या पत्राच्या बक्षिसादाखल ओलिव्हियाचा नातलग सर टोबी तिच्याशी लग्न करतो. 'श्रू' शक्यतो नंतर घ्या, आणि मिळालं तर फ्लेचरचं उत्तर लगेच जोडून वाचा.